मोज्यात शिरलेलं बी

नोव्हेंबरात कोयनानगरहून पाटणकडे येताना एका उतारावरच्या गवतात तासभर रमलो, त्याची किंमत मोज्यांनी मोजली. दोन्ही पायांत मिळून 43 कुसळं.

"कुसळीत कशाला शिरलात वो?" बांधावर पेंढ्या बांधणाऱ्या मावशी हसत म्हणाल्या. त्यांची कापणी आधीच उरकली होती. कुसळं धरायच्या आत कापलं तर जनावर आवडीनं खातं. उशीर झाला की तेच गवत त्याच्या तोंडात रुततं.

कुसळी म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. लिनियसनं 1753 साली दिलेल्या नावातला 'कॉन्टॉर्टस' म्हणजे पिळलेला. ठोंब वर्षानुवर्षं टिकणारा. कोयनानगरला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग सात-आठ महिने जवळपास कोरडे. वरचं सगळं तांबूस होऊन वाळतं, कधी वणव्यात जळतं. जमिनीलगतचा बुडखा मात्र जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर तिथूनच नवे फुटवे येतात. हा बुडखा बोटांत फिरवून पाहा, नीट फिरत नाही. खोडाला वेढणारा पानाचा भाग दोन्ही बाजूंनी चपटा आणि पाठीवर कणा असलेला असतो. फुलोरा नसतानाही कुसळी ओळखायची ती यावरून.

फुलोरा म्हणजे बोटभर लांबीचं एकच कणीस. त्यात कणिशकं जोडीजोडीनं बसलेली. तळच्या काही जोड्यांना कुसळच नसतं, ती नर किंवा वांझ. वरच्या जोड्यांत देठाचं कणिशक हिरवं, बिनकुसळाचं आणि तेही नर किंवा वांझ. बिनदेठाचं तेवढं बी धरतं आणि त्यालाच कुसळ फुटतं. म्हणजे एवढ्या दाटीत बी धरणारी निम्मीसुद्धा नाहीत.

कुसळ मात्र बियापेक्षा कितीतरी लांब, काळपट, दोन ठिकाणी गुडघ्यासारखं वाकलेलं. पिकल्यावर एका कणसातली कुसळं शेंड्याला एकमेकांत गुंतून त्यांची दोरीच होते. आपल्या म्हणीत मुसळापुढे कुसळ म्हणजे क्षुल्लक वस्तू. ती म्हण रचणारा या उतारावर आला नसावा.

एक कुसळ तळहातावर ठेवून बाटलीतल्या पाण्याचा थेंब सोडला. क्षणभर काही नाही, मग ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागलं. खालच्या भागातला पीळ भिजला की सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. फ्रान्सिस डार्विन यांनी 1876 साली स्टिपा या गवताच्या बियांत हीच करामत तपासली होती. रात्री दव, दिवसा ऊन; प्रत्येक फेऱ्यात शेंडा गवतात किंवा दगडात अडकून राहतो आणि बियाचं सुईसारखं टोक मातीत थोडं आत जातं. टोकावरचे तांबूस राठ केस मागच्या दिशेला वळलेले, म्हणून आत गेलेलं बाहेर येत नाही. वणवा येईतो बी मातीखाली सुखरूप.

मोजा काय, माती काय, त्या बियाला दोन्ही सारखंच. पहिली दहा-बारा कुसळं मी शेपटीला धरून ओढली. शेपटी हातात आली, टोक आतच राहिलं. तेव्हा तुम्ही अडकलात तर मोजा उलटा करा आणि टोक जिकडे निघालंय तिकडूनच ओढा. सुळकन निघतं.