१९१० चा आकडा कोणत्या रकान्यात टाकायचा?

जमिनीच्या वापराबद्दल वाचताना मागे एक छोटा तक्ता करायला घेतला होता. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात घरं, कारखाने, गुरं यांच्यावरचा कर काढून तो फक्त जमिनीच्या किमतीवर बसवायची कल्पना मतदारांपुढे तीनदा गेली: १९०८, १९१० आणि १९१२. बाजूने किती, विरोधात किती, एवढंच भरायचं. दहा मिनिटांचं काम वाटलं.

आधी कल्पना बघू. शेजारी-शेजारी दोन प्लॉट धरा, दोन्हींची जमीन १,००० डॉलरची. एक मोकळा, दुसऱ्यावर ३,००० डॉलरचं घर. आपल्या घरपट्टीसारखा मालमत्तेवर २ टक्के कर लावला तर मोकळ्या प्लॉटला २० डॉलर, घरवाल्याला ८०. तेच १०० डॉलर फक्त जमिनीवरून गोळा करायचे तर दोघांना ५०-५०. म्हणजे घर बांधलं म्हणून जास्त कर नाही, आणि भाव वाढायची वाट बघत जागा अडवून ठेवणं महाग. हेन्री जॉर्ज यांच्या १८७९ च्या पुस्तकामुळे हा विचार गाजला.

ओरेगॉनमध्ये तो विल्यम युरेन यांनी लावून धरला. मतदारांनीच कायदा सुचवायचा आणि त्यावर मतदान घ्यायचं, ही सोय तिथे १९०२ साली आली ती बरीचशी त्यांच्या खटपटीने. त्यांना ती हवी होती ती मुळात या करासाठीच! प्रचाराला पैसा साबण कारखानदार जोसेफ फेल्स यांचा.

१९०८ मध्ये बाजूने ३२ हजार, विरोधात जवळपास ६१ हजार. १९१२ मध्ये साडेएकतीस हजार विरुद्ध ८२ हजार. शेतकऱ्याची बहुतेक पुंजी जमिनीतच असते, त्यामुळे शहरातली जमीन महाग आहे, भार तिकडे जाईल, असं कितीही सांगितलं तरी त्याला धास्ती वाटणारच.

आणि मधे १९१०: ४४ हजार विरुद्ध ४२ हजार. चक्क मंजूर!

मी लगेच लिहूनही टाकलं की दोन वर्षांत जनमत फिरलं आणि पुढच्या दोन वर्षांत उलटलं. मग प्रस्ताव मुळातून वाचला. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. डोईपट्टी, म्हणजे माणशी बसणारा कर, रद्द करायची. आणि कोणता कर कशावर लावायचा हे काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, आपलं आपण ठरवायचं. जमिनीवरच्या कराचा दरवाजा दुसऱ्या कलमात होता. डोईपट्टीला वैतागलेल्या माणसाने ‘हो’ म्हटलं, तर ते कशाला म्हटलं? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. १९१२ मध्ये मतदारांनी काउंट्यांचा हा अधिकारही काढून घेतला.

बरं, १९०८ आणि १९१२ तरी सारखे का? तेही नाही. १९१२ च्या प्रस्तावात मोठ्या जमीनमालकांवर चढता कर होता.

शेवटी तक्त्यात ‘मतदारांना नेमकं काय विचारलं’ असा रकाना वाढवला, आणि तीन बिंदू जोडून काढायचा आलेख काढलाच नाही. तुम्हाला कुणी सर्वेक्षणाची एक्सेल शीट दिली, तर छापील प्रश्नावलीही त्याच दिवशी मागून घ्या. नंतर ती सापडत नाही.