विद्यापीठाचा कासरा

नागपुरास १९७५ च्या जानेवारींत पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, तेव्हां वर्ध्यास एक आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ असावें अशी मागणी तेथें झाली. मागणीचा कायदा होण्यास बावीस वर्षें लागलीं. १९९७ मध्यें संसदेच्या कायद्यान्वयें महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि कापसाच्या व सेवाग्रामच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या गांवाबाहेरच्या टेकड्यांवर त्याच्या इमारती उभ्या राहिल्या.

या विद्यापीठाची घटना एकदां वाचून पाहण्यासारखी आहे. राष्ट्रपति हे त्याचे कुलाध्यक्ष. कुलगुरूंची नेमणूक कुलाध्यक्ष करितात. म्हणजे व्यवहारांत ती केंद्र सरकारच्या हातून होते. खर्चाची मुख्य रक्कमही केंद्राच्या तिजोरींतूनच येते. कासऱ्याचीं दोन्हीं टोकें अशा रीतीनें एकाच मुठींत आहेत.

२०१९ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रांत विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती. जमावाकडून होणाऱ्या हत्या, काश्मीर आणि देशांतील इतर प्रश्न यांविषयीं पंतप्रधानांस पत्रें लिहावीं, या हेतूनें सुमारें शंभर विद्यार्थी ९ तारखेस विद्यापीठांत एकत्र जमले. त्याच दिवशीं त्यांपैकीं सहा जणांना काढून टाकल्याचा हुकूम निघाला. निवडणुकीच्या आचारसंहितेचा भंग व न्यायप्रक्रियेंत हस्तक्षेप हीं कारणें त्यांत दिलीं होतीं. आचारसंहिता राजकीय पक्ष, उमेदवार व सत्तेवर असलेलीं सरकारें यांच्यासाठीं असते. पंतप्रधानांच्या नांवें पाकीट टाकणारा विद्यार्थी तिच्या कोणत्या कलमांत बसतो, हें शोधूनच काढावें लागेल! शंभरांतून निवडलेले सहाही जण दलित व इतर मागास वर्गांतले आहेत, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. देशभर ओरड झाली आणि १३ तारखेस, हुकुमांत तांत्रिक दोष राहिल्याचें कारण सांगून, तो मागें घेण्यांत आला.

सरकार व विद्यापीठ यांचें भांडण म्हटलें कीं दोन पक्ष समोरासमोर उभे राहिल्याचें चित्र डोळ्यांपुढें येतें. वर्ध्यास तें दिसलें नाहीं. पत्रें लिहावयाचीं होतीं तीं दिल्लीस. शिक्षेचा कागद निघाला तो विद्यापीठाच्याच कचेरींतून. ज्या संस्थेचा प्रमुख सरकार नेमतें, तेथें भांडण कुंपणावर होत नाहीं, तें घरांत शिरतें.

हें घडविण्याची युक्ति जुनी आहे. लॉर्ड कर्झन यांनीं १९०१ मध्यें सिमल्यास शिक्षणविषयक परिषद भरविली, तींत एकही हिंदी मनुष्य नव्हता. पुढें १९०२ मध्यें चौकशीचें मंडळ नेमलें आणि १९०४ मध्यें विद्यापीठांचा कायदा पसार झाला. तोंपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या सीनेटचे सभासद बव्हंशीं सरकारच नेमीत असे. परंतु ती नेमणूक तहहयात असे. एकदां खुर्ची मिळाली कीं कोणाची मर्जी राखण्याचें कारण उरत नसे. फिरोजशहा मेहतांसारखे पुरुष तेथें बेधडक बोलत, तें याच बळावर. नव्या कायद्यानें सभासदांची मुदत पांच वर्षें केली, संख्या जास्तींत जास्त शंभर ठरविली, आणि त्यांपैकीं निवडून द्यावयाच्या जागा ठेविल्या वीस. विद्यापीठाच्या नियमांत फेरफार करण्याचा व महाविद्यालयांच्या संलग्नतेचा अखेरचा अधिकारही सरकारनें आपल्याकडे घेतला. दर पांच वर्षांनीं फेरनेमणुकीची वाट पाहणारा सभासद सरकारविरुद्ध हात किती वेळां वर करील, हें सांगावयास नको.

फर्ग्युसन महाविद्यालयांत आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें शिकविण्यांत घालविलेले गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वरिष्ठ कायदेमंडळांत होते. या कायद्यानें विद्यापीठ हें सरकारचें एक खातें होऊन बसेल, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. विद्यापीठांत सुधारणा हवी हें त्यांना मान्य होतें. ती सरकारी मुठींत देऊन होणार नाहीं, असें ते म्हणत. मतें मोजलीं गेलीं तेव्हां अर्थातच ते हरले. गंमत अशी कीं, नव्या सीनेटी बनवितांना सरकारी जाहिरनाम्यांतच कायद्याचे दोष राहिले, आणि ते झांकण्यासाठीं १९०५ मध्यें आणखी एक कायदा करावा लागला. त्यासही गोखल्यांनीं विरोध केला.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचें. १६३६ मध्यें स्थापन झालेलें हार्वर्ड विद्यापीठ खासगी आहे. त्याचा अध्यक्ष त्याचें स्वतःचें नियामक मंडळ निवडतें. २०२५ च्या एप्रिलांत तेथील केंद्र सरकारनें प्रवेश, नेमणुका व कारभार यांविषयीं मागण्यांची यादी धाडली. विद्यापीठानें नकार देतांच दोन अब्ज डॉलरांहून अधिक अनुदान अडविण्यांत आलें. विद्यापीठ न्यायालयांत गेलें, आणि सप्टेंबरांत बोस्टनच्या संघीय न्यायालयानें ही अडवणूक बेकायदेशीर ठरविली. पैशाचा दोर तेथेंही सरकारच्या हातीं होता, नेमणुकीचा नव्हता. म्हणून नाहीं म्हणावयास तोंड तरी राहिलें.

पैशाच्या दोराचा विचार वर्ध्याच्या भूमीवर फार पूर्वीं झालेला आहे. शेगांवांत, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामांत, राहत असतांना गांधीजींनीं १९३७ मध्यें ‘हरिजन’ पत्रांत लिहिलें कीं, उच्च शिक्षणाचा भार ज्या उद्योगांना त्याचा उपयोग त्यांनीं उचलावा, आणि सरकारी विद्यापीठांनीं केवळ परीक्षा घेऊन परीक्षेच्या शुल्कावर चालावें. प्रयोगशाळा कांहीं परीक्षेच्या शुल्कावर चालत नाहीं, आणि कारखानदार संस्कृत किंवा इतिहास शिकविण्यास पैसे देईल ही आशाही धरवत नाहीं. परंतु दोर कोठें बांधलेला आहे हें गांधीजींनीं बरोबर ओळखलें होतें. त्याच वर्षीं २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली व तिनें डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. हे झाकीर हुसेन १९२० सालीं अलीगढच्या महाविद्यालयांत होते. सरकारी मदत सोडा, असें गांधीजींनीं तेथील चालकांस विनविलें. चालकांनीं ऐकलें नाहीं. तेव्हां जे बाहेर पडले त्यांनीं जामिया मिलिया काढली, आणि झाकीर हुसेन यांनीं पुढें अनेक वर्षें ती ओढाताणींत चालविली. ती जामियाही १९८८ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. उपाशी पोटीं किती दिवस राहावें, हाही प्रश्नच आहे.

वर्ध्याच्या टेकडीवर नेमणुकीचा दोर पुन्हां एकदां दिसला. २०२३ च्या ऑगस्टांत कुलगुरूंनीं राजीनामा दिला. विद्यापीठांतील ज्येष्ठ प्राध्यापकांकडे गेलेला कार्यभार काढून तो केंद्राकडून नागपूरच्या एका व्यवस्थापन संस्थेच्या संचालकांकडे देण्यांत आला. प्राध्यापक उच्च न्यायालयांत गेले. विद्यापीठाच्या परिनियमांत अशा नेमणुकीस आधार नाहीं, असें ठरवून नागपूर खंडपीठानें २०२४ मध्यें ती रद्द केली. नवा कायम कुलगुरु नेमण्याचा अधिकार मात्र १९९७ पासून आहे तेथेंच, कुलाध्यक्षांकडे, राहिला.