तारीख चुकली, वॉरंट निघालं

आणे गावाहून जुन्नरच्या कोर्टात जायचं म्हणजे घाट उतरून बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव असा पल्ला. त्यात कांदा काढणी आली की एखादी तारीख चुकते. मग पारावर सल्ले सुरू होतात.

त्यातला सगळ्यात घातक सल्ला असा: "थोडे दिवस गावात दिसू नको, वॉरंट आपोआप संपतं." ते संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं. लपून बसलं तर कोर्ट जाहीरनामा काढू शकतं. त्यात हजर व्हायला किमान ३० दिवस मिळतात. जमिनीवर जप्तीही येऊ शकते, म्हणजे चेक न वटल्याची साधी केसही सातबाऱ्यापर्यंत पोचते. जाहीरनाम्यालाही दाद दिली नाही, तर तो वेगळा गुन्हा होतो आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

"वॉरंट म्हणजे जेल" हीसुद्धा अर्धवट माहिती. हवालदार दारात आले की कागद दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. जामिनाची रक्कम आणि हजर राहायची तारीख लिहिलेली असेल, तर ते जामीनपात्र वॉरंट. मुचलका आणि जामीनदार दिला की पोलीस तिथेच सोडतात. अजामीनपात्र असेल, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. आधी समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र, हा सर्वसाधारण क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितला आहे.

म्हणून पोलिसांची वाट बघू नये. वकील घेऊन स्वतः त्याच कोर्टात जावं, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, सोबत दवाखान्याचा कागद किंवा जे खरं कारण असेल त्याचा पुरावा जोडावा. अडचण आधीच कळली असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी जायला हवा. शिपायाने नावाचा पुकारा केला आणि ओ द्यायला ना पक्षकार, ना वकील, की गाडं तिथेच अडतं.

हे झालं फौजदारी केसचं. वाटणीच्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी नुसता गैरहजर राहिला म्हणून त्याला पकडून नेत नाहीत. पण दावा एकतर्फी चालतो, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं. असा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जाला मुदत फक्त ३० दिवसांची असते.

साक्षीदारालाही वॉरंट निघू शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे मागणारा चोरच समजावा. 'डिजिटल अरेस्ट' कायद्यात नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००.