अंगठ्याखालचा कागद

आपल्याकडे दिव्यांची अवस असते ना, त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये हरेलीचा सण असतो. शेतकरी नांगर-कुदळी धुऊन त्यांची पूजा करतात आणि पोरं चढतात गेडीवर! गेडी म्हणजे दोन उंच बांबू. प्रत्येक बांबूला पाय ठेवण्यापुरता एक आडवा तुकडा दोरीने घट्ट बांधलेला असतो. त्यावर पाऊल टेकवायचं आणि चिखल-पाण्यातून रच्‌-रच्‌ करत चालू पडायचं.

तोल कोण सांभाळतं सांगा बघू? हात बांबू धरतात, मांड्या आणि पोटऱ्या जोर लावतात, हे तर दिसतंच. पण आणखी एक टोळी गुपचूप राबत असते. एका पावलात २६ हाडं असतात आणि तळव्यात लहान लहान स्नायूंचे चक्क चार थर! तळव्याची कमान उचलून धरायची, बोटं जमिनीवर टेकवून ठेवायची, पाऊल डगमगलं की सावरायचं, ही सगळी त्यांची कामं.

मग या चिमुकल्यांची ताकद मोजायची कशी? इथे डॉक्टरांचीही पंचाईत होते. एक हात पोटरीवर ठेवा आणि पायाची बोटं आत मुडपा. पोटरीत काहीतरी हललं ना? बोटं वळवणारे मोठे स्नायू पोटरीत राहतात आणि लांबलचक दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटांना ओढतात. रस्सीखेचीत धाकट्याच्या मागे दादाही दोर धरून उभा असेल, तर धाकट्याचा जोर किती हे कसं कळणार? सोनोग्राफीत तळव्याचा स्नायू किती जाड आहे ते दिसतं, पण तो जोर किती लावतो ते दिसत नाही.

यावर एक झकास युक्ती आहे, आणि तिला लागतो फक्त जाड कागदाचा एक तुकडा! खुर्चीत ताठ बसा. गुडघा काटकोनात, टाच जमिनीवर. पायाच्या अंगठ्याखाली पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची पट्टी सरकवा. आता अंगठा सरळ ठेवून खाली दाबा आणि मित्राला पट्टी ओढायला सांगा. अट एकच, अंगठ्याचं पेर वर उचलायचं नाही. पेर वाकलं, की समजा पोटरीतला दादा मदतीला आला! अंगठा सरळ ठेवून मुळापासून दाबला, तर बरंचसं काम तळव्यातल्या छोट्यांनाच करावं लागतं.

कुष्ठरोगावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी या कागदाच्या चाचणीचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होणारा आजार. तो नसांना इजा करतो. घोट्याच्या आतल्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं ना, त्याच्या मागून एक नस तळव्यात उतरते. तिला इजा झाली की तळव्यातले छोटे स्नायू लुळे पडतात, बोटं नख्यांसारखी वाकडी होतात. तळवा बधिर होतो, म्हणून जखम झालेलीही कळत नाही. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भातही हा आजार अजून आढळतो. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं, ते याच रुग्णांसाठी. आज त्यावर पक्की औषधं आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. म्हणून अशा रुग्णापासून कुणी दूर पळायचं कारणच नाही. आणि रुग्णाच्या अंगठ्याखालून कागद सुटतोय हे लवकर लक्षात आलं, तर पाऊल वाचवता येतं. त्यासाठी ना वीज लागते, ना महागडं यंत्र!

आता तुम्ही एक पाऊल पुढे जा. पट्टीला चिमटा लावा, चिमट्याला शाळेतला ताणकाटा अडकवा आणि हळूहळू ओढा. पट्टी निसटते त्या क्षणी काटा कितीवर आहे ते बघा. अंगठा जितका जोरात दाबेल तितकं घर्षण वाढतं, म्हणून तो आकडा अंगठ्याच्या जोराची खूण सांगतो. पण घाम, फरशी, कागद बदलला तरी घर्षण बदलतं. तेव्हा पाय पुसून घ्या, फरशी आणि कागद तेच ठेवा, तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

मग रोज थोडा व्यायाम करा. बोटं न मुडपता अंगठ्याचा उंचवटा टाचेकडे ओढायचा आणि तळव्याची कमान उचलायची. सुरुवातीला पाऊल ऐकतच नाही! महिन्याभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.

आणि हो, आजी-आजोबांनाही खुर्चीत बसवून कागद धरायला सांगा. वयाबरोबर बोटांचा जोर ओसरतो आणि पडण्याची भीती वाढते. त्यांचा कागद सहज सुटला, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ही गोष्ट तुम्हीच डॉक्टरांना सांगा.