चित्रकथेतला जपान

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं जपानी शिकू लागली, ही बातमी 2020 मध्ये देशभर गाजली. कोणती परदेशी भाषा शिकायची, असं विचारल्यावर बहुतेकांनी जपानी निवडली. कारण रोबोट आणि तंत्रज्ञान! ही ओढ चांगलीच आहे. पण रोबोट बनवणाऱ्या त्या देशानं काय सोसलं, काय चुका केल्या, हेही मुलांना कळायला हवं. त्यासाठी मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फार कामाच्या आहेत.

केइजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’च घ्या. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. 1973 पासून त्यांनी ही कथा मुलांच्या एका साप्ताहिकात चितारली. सुरुवातीलाच गेनचा बाप पोरांना गव्हाचा दाखला देतो: थंडीत तुडवला, तरी गहू मुळं घट्ट रोवून ताठ उभा राहतो. कोवळा गहू हिवाळ्यात पायानं दाबायची जपानी शेतकऱ्यांची रीतच होती. रब्बीत गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या याच जिल्ह्यातल्या पाचोडच्या पोराला हे पान परकं वाटणार नाही. हा बाप लाकडी खडावा रंगवून घर चालवतो आणि युद्धाला उघड विरोध करतो. शेजारी त्याला देशद्रोही म्हणतात, पोरांना छळतात. बाँब पडतो तो त्यानंतर. जपाननं स्वतःच्याच माणसांची काय गत केली होती, हे त्याआधीच्या पानांत दिसतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत हिरोशिमाला फार थोडी जागा मिळते.

मंगाकार शिगेरू मिझुकींनी तर दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावला आणि उजव्या हातानं शोवा काळाचा, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या राजवटीचा, इतिहास चितारला. ओसामु तेझुकांचा ‘बुद्ध’ हा मंगा अजिंठ्याच्या या जिल्ह्यात आवर्जून वाचावा. मात्र त्यातली कित्येक पात्रं कल्पित आहेत, हे मुलांना आधीच सांगावं.

या चित्रकथांवर जपानातही वाद होतात. 2023 मध्ये हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानं शांतता शिक्षणाच्या साहित्यातून गेन वगळला. मुलांनी तोही वाद समजून घ्यावा.

गेनचा हिंदी अनुवाद झालेला आहे. शिक्षकांनो, यंदाच्या ग्रंथखरेदीच्या यादीत त्याचं नाव घाला.