नोकरीची वाट

मुंबईतील स्त्रीच्या नोकरीचा विषय निघाला की चर्चा तिच्या शिक्षणापासून सुरू होते आणि घरच्यांच्या संमतीपाशी येऊन थांबते. घरापासून कामापर्यंतच्या वाटेचा विचार फारसा कोणी करीत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, या शहरातील कितीतरी स्त्रियांच्या नोकऱ्या ह्या वाटेवरच हरवतात.

पुरुष सकाळी निघतो तो थेट कामावर पोचतो. स्त्रीची वाट इतकी सरळ नसते. मुलाला शाळेत सोडायचे, परतताना भाजी घ्यायची, सासूबाईंचे औषध आणायचे, आणि दिवे लागायच्या आत चुलीपाशी उभे राहायचे! तिच्या दिवसाची दोन्ही टोके घराने बांधलेली असतात. मधल्या वेळातून प्रवासाचे तीन तास वजा झाले, तर नोकरीसाठी उरते काय? म्हणून ती जवळचे, कमी पगाराचे काम पत्करते. तेही न मिळाल्यास घरी बसते. जग याला तिची आवड म्हणते. आम्ही याला नाइलाज म्हणतो.

एके काळी गिरणगावात चाळ, गिरणी आणि बाजार हाकेच्या अंतरावर होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. घरे विरार-बदलापूरकडे सरकली, कचेऱ्या फोर्टातून अंधेरी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेल्या. हे वाढते अंतर सांधले ते लोकलने. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास महिलांची गाडी सोडली. ती सवलत नव्हती. हजारो संसारांना मिळालेला तो आधार होता. बायकांच्या डब्यात मांडीवर भाजी निवडली जाते, हे दृश्य कौतुकाचे खरे. पण घरचे काम गाडीत उरकल्यावाचून नोकरी टिकत नाही, हेही त्यातून दिसते.

परंतु स्टेशनाबाहेर पडल्यावर पुढे काय? दिल्लीने 2019 मध्ये आणि कर्नाटकाने 2023 मध्ये स्त्रियांचा बसप्रवास मोफत केला. आपल्या एस. टी. ने 17 मार्च 2023 पासून त्यांना निम्मे भाडे लागू केले. मुंबईत मात्र मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. दिवसातून चार वेळा बस धरणाऱ्या घरकामगार बाईचा खर्च वीस रुपयांवरून चाळिसांवर गेला. बेस्टचा तोटा आम्हांस ठाऊक आहे. तथापि तो भरून काढण्यासाठी तिच्याच पदराला हात घालावा काय?

याहून कठोर धडा पुनर्वसनाने दिला आहे. लोहमार्गालगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना मानखुर्द, वाशी नाका येथे पक्की घरे मिळाली. डोक्यावर छप्पर आले, पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या अनेक बायकांची कामे जुन्या वस्तीपाशीच राहिली आणि पुढे सुटली. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीतील अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या भाड्याच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची जमीन मंजूर केली. तेथे इमारती उभ्या राहतील. पण माहीम-शीवमध्ये कामाला जाणारी धारावीची बाई तेथून सकाळी सातला कामावर कशी पोचणार, हा प्रश्न पाया खणण्यापूर्वीच विचारला पाहिजे.

कायद्याला ही दृष्टी अगदीच परकी नाही. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रीस तिच्या संमतीने रात्री काम करण्याची मुभा देताना तिच्या ने-आणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. रात्रीच्या कामास जे तत्त्व मान्य झाले, ते दिवसाच्या कामास आणि सरकारास का लागू असू नये? नवी वसाहत बांधताना नळ आणि वीज यांच्याबरोबर बसचाही हिशेब व्हावा, आणि पहिले कुटुंब राहावयास येईल त्याच दिवशी तेथून पहिली बस सुटावी, एवढीच आमची मागणी आहे. मुलींना शिकवून शहाणे करणाऱ्या या शहराने त्यांना वेळेवर कामावर पोचवण्याचीही जबाबदारी घ्यावी.