वस्तीवरची धुराड्याची चूल



पौषातली थंडी पडली, गव्हा-हरभऱ्याला रात्रीचे पाणी सुरू झाले, की शेतावरच्या वस्तीला जाळ दोन कामांसाठी लागतो. भाकरी-कालवण तर आहेच, पण दारे धरून भिजून आलेल्या माणसाला हातपाय शेकायलाही काहीतरी हवे. तीन दगडांच्या चुलीवर ही दोन्ही कामे होतात खरी, पण जळण फार जाते, आणि धूर बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून पडवीबाहेर, उघड्यावर, धुराड्याची चूल घाला असे आमचे सांगणे आहे.

तिची युक्ती सोपी आहे. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. जाळ फुंकणीवाचून धरतो. मागे वैल ठेवला तर धुराड्याकडे जाणारी आच वाटेत डाळीचे किंवा आंघोळीच्या पाण्याचे भांडे तापवते.

चूल कशाची करावी? पत्र्याचे पिंप कापून केलेली शेगडी लवकर तापते, पण तितकीच लवकर निवते, आणि तिच्या अंगाला पोरांचे हात भाजतात. औषधाचा डबा किंवा पिंप तर कितीही धुतलेले असले तरी वापरू नका. माती-विटांची चूल उशिरा तापते, पण जाळ विझल्यावरही बराच वेळ ऊब देते. आमचे मत मातीच्याच बाजूने आहे. नुसती काळी माती वाळताना तडकते; तिच्यात पांढरी किंवा वारुळाची माती, भुसा आणि शेण मिसळून चांगली तुडवा. तोंड वीतभर रुंद पुरे. जास्त शेक मिळावा म्हणून कोणी तोंड हातभर ठेवतात. मग ओढ मोडते आणि धूर पुन्हा पुढूनच येतो. धुराडे पत्र्याचे किंवा भाजलेल्या मातीच्या नळाचे घ्या व पडवीच्या छपरापेक्षा दोन फूट तरी वर काढा. मोटारीचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप चालणार नाही, वितळतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइपही नको. तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते.

चूल सावलीत दहा-पंधरा दिवस वाळू द्या, भेगा लिंपत राहा. पुढचे तीन-चार दिवस काडीकचऱ्याचा लहानसा जाळ करून ती हळूहळू तापवा. तापलेल्या चुलीवर पाणी ओतले तर ती तडकलीच म्हणून समजा.

थंडीत आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. तरी चिमूटभर राख उडवून आपल्या जागेवरचा वारा बघा. चुलीचे तोंड वाऱ्यावर नको. ठिणग्या ज्या अंगाला जातील तिकडे कडब्याची गंजी किंवा उसाचे पाचट नको. एरवीही गंजी पन्नास फूट तरी लांब असावी.

जळण वाळलेले व बारीक फोडलेले घ्या. भाकरीला तुराट्या-पऱ्हाट्यांचा झपकन जाळ बरा, निखाऱ्याला बाभूळ. कन्हेर जाळू नका, तिचा धूरही विषारी. खताच्या पिशव्या, टायर यांचेही तेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वयंपाक आटोपल्यावर उरलेले निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत नेण्याची आणि दार लावून घेण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. धूर दिसत नाही, तेव्हा धोका नाही, असे लोकांना वाटते. पण धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची खूण. असे झाले तर आधी दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्यावर आणा, मग १०८ ला फोन करा. वाट पाहू नका. कांबळी-वाकळी एक जास्त घ्या, पण निखारे बाहेरच राहू द्या. शेकायचे ते बाहेर चुलीसमोर बसून, आणि झोपायला जाण्यापूर्वी विस्तव राखेने दाबून.

धुराडे पंधरा दिवसांनी काठीला चिंधी बांधून झाडा. केंद्र सरकारने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता, तो २००२ साली थांबला. त्यातल्या पुष्कळ चुली पुढे वापरातून गेल्या. काजळीने नळ तुंबला, की चूल चांगली असूनही ती 'धुरकट' ठरते.

निघालेली राख फेकू नका. पूर्ण निवली की चाळून परसातल्या भाजीला थोडी थोडी द्या, तिच्यात पालाश असते. मात्र चोपण जमिनीत ती घालू नका, आणि युरियात किंवा ताज्या शेणखतात मिसळू नका, नाहीतर नत्र वायू होऊन उडून जाते.